समुद्राला शेवटचा मणी नसतो

परवा एका नव्या मुलीचा फोन आला. विशेष शिक्षणाचा डीएड झालाय, शाळेत लागून तीन महिने झालेत आणि मोठ्या बाईंनी तिच्या हातात सहलीचं काम दिलंय. गिरगाव चौपाटी, दहा मुलं. "ताई, काय काय न्यायचं?" मी पाण्याच्या बाटल्या, जादा चड्ड्या, नॅपकिन असं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाले. कारण सामान माझ्याकडेही सगळं होतं. माझी सहल सामानावाचून अडली नव्हती.

तिला फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. वर्गात एफएसीपी (मुलाला काय काय करता येतं याची तपासणी-यादी) कशी भरायची, आयईपी (एकेका मुलाचा वेगळा शिक्षण आराखडा) कसा लिहायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

2019 चा जानेवारी. माझं नोकरीचं पहिलंच वर्ष, वर्ग सेकंडरीचा, मुलं नऊ. वयं बारा ते पंधरा. तीन स्वमग्न, दोन डाऊन सिंड्रोम, एक सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेली व्हीलचेअरवरची मुलगी, बाकी बौद्धिक अक्षमतेची, त्यातल्या एकाला फिट्स. सोबत मी, एक प्रशिक्षणार्थी मुलगी आणि आमच्या मावशी. नऊ मुलांना तीन मोठी माणसं हा हिशोब तेव्हा मला भरपूर वाटला होता. आज कोणी असा हिशोब माझ्यापुढे ठेवला तर मी सहीच करणार नाही.

तयारी मात्र मी जीव तोडून केली होती. दोन आठवडे रोज चित्रपट्टी. शाळा, दादर स्टेशन, गाडी, मग एकेक स्टेशनाचं कार्ड: प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, चर्नी रोड. मग पूल, वाळू, पाणी, डबा. ज्या मुलाची ही गोष्ट आहे त्याला आपण बंडू म्हणू. बंडूला पश्चिम रेल्वेची सगळी स्टेशनं तोंडपाठ, पण त्याच्या पाठांतरात अजून एल्फिन्स्टन रोडच होतं. 2018 च्या जुलैत नाव बदललं हे त्याला मंजूर नव्हतं. म्हणून मी एकाच कार्डावर दोन्ही नावं लिहिली, मध्ये बाण काढला, आणि प्रभादेवीचा बोर्ड येताच गाडीत तो बाण त्याला दाखवला. त्याने मान हलवली. एवढी बारीक तयारी होती माझी. स्वतःवर खूश होते मी.

गाडीचा प्रवास छान झाला. व्हीलचेअर टॅक्सीने पुढे गेली होती. आम्ही स्लो लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात. प्लॅटफॉर्मवर तो डबा कुठे लागणार हे सांगणारा बीप वाजत असतो, त्याचा एका मुलीला त्रास होतो हे माहीत होतं, म्हणून तिला चार पावलं लांब उभं केलं आणि गाडी आल्यावर नेलं. हे सगळं शिकवता येतं आणि शिकवावंच. लोकल चढणं-उतरणं हा आमच्या मुलांसाठी गणितापेक्षा मोठा विषय आहे, आणि जी शाळा वर्षभरात एकदाही मुलांना लोकलने नेत नाही तिच्या 'समाजात मिसळणे' या रकान्यावर माझा विश्वास नाही.

साडेदहाला वाळूवर पोचलो. पाणी लांब होतं. मी काठीने एक लांब रेघ ओढली आणि सांगितलं, "रेघेच्या अलीकडे खेळायचं." सगळ्यांना दोनदा चालवून दाखवलं. बंडूने तर रेघेवर पाऊल टेकवून खात्री केली.

मावशी वरळी कोळीवाड्यातल्या. त्यांनी रेघ बघितली आणि विचारलं, "बाई, आज तिथी कुठली?"

मला काय माहीत! मी सहलीचा दिवस शाळेच्या कॅलेंडरवरून ठरवला होता. मावशींनी मोजलं. "पंचमी. पाचाचं पाऊणपट पावणेचार. पावणेचारला पुरी भरती. म्हंजे साडेनवापासनं पाणी वरच चढतंय. तुमची रेघ खाऊन टाकील."

खाल्लीच. साडेअकराच्या सुमाराला एका लाटेने अर्धी पुसली, दुसरीने पूर्ण. बाकीची मुलं मागे सरकली. बंडू मात्र रेघ शोधत पुढे गेला. मान खाली, नजर पाण्यात. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं ते. थांबायचं ठिकाण रेघ होतं, आणि रेघ सापडेपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. पोटरीपर्यंत पाण्यात गेल्यावर मी त्याला गाठलं. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाण कमी असते, हे आपण पुस्तकात वाचतो. पुस्तकात ते पान कोरडं असतं.

तर तिथीचा हा हिशोब पाठ करून टाका. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी. सकाळच्या सहलीला सप्तमी-अष्टमी चांगली: अष्टमीला भरती सहाला, म्हणजे बाराला ओहोटी, तुम्ही असेपर्यंत पाणी मागेच जात राहील. आणि रेघ ओढू नका. जाड दोरी न्या, दोन टोकांना लाल फडकी बांधलेल्या काठ्या, आणि ती कोरड्या वाळूतच रोवा. पावसाळ्यात तर सहलीचं नावच नको. तेव्हा निळ्या फुग्यांसारखे दिसणारे ब्लूबॉटल नावाचे डंख मारणारे जीव किनाऱ्याला लागतात आणि आमच्या मुलांना निळा फुगा दिसला की तो उचलायचाच असतो. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगावच्या पाण्यात पाकट माशांनी कितीतरी लोकांना डंख मारले होते. मावशी म्हणतात, पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे पाकट आधीच निघून जातं. आता मुलांना कोरड्या जमिनीवरच घासत चालायला शिकवते, खेळ म्हणून.

पण माझी फजिती पाण्यात झालीच नाही. खरा प्रकार पुढे आहे.

बंडूला एक बादली आणि पाणी घ्यायचा मग दिला होता. तो पाणी आणायचा, वाळूतल्या खड्ड्यात ओतायचा, ते जिरताना बघायचा, परत आणायला जायचा. मावशी त्याच्याबरोबर फेऱ्या घालत होत्या. अर्धा तास असा शांत, असा एकाग्र बंडू मी वर्गात कधी पाहिला नव्हता. मी फोटो काढले, त्याच्या आईला पाठवले. बारा वाजता म्हटलं, "चला बंडू, झालं. आता डबा खायचा, मग घरी."

तो फेरी घालत राहिला.

"पाच मिनिटं हं." पाच मिनिटं गेली. "आता शेवटचं." त्याने ओतलं, परत निघाला. "बंडू, शेवटचं म्हणाले ना!" परत निघाला. तेव्हा मी त्याचं मनगट धरलं.

ते धरायला नको होतं. त्याने स्वतःचा हात चावला, मग माझा, मग वाळूत बसून डोकं आपटायला सुरुवात केली. किंचाळणं असं की भेळवाल्यांच्या स्टॉलपासून माणसं धावत आली. तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला मुलगा, आणि एक पोरसवदा बाई त्याला धरून ओढतेय. बघणाऱ्याला काय वाटणार? "कुणाचं पोरगं आहे?" "मारतेय बघा." "पळवून आणलंय." एकाने मोबाइल काढला. मी घाबरून मोठमोठ्याने समजावू लागले, लोकांनाही आणि बंडूलाही, म्हणजे त्याच्या कानांवर आणखी आवाज. एक महिला हवालदार आल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "शाळेचं पत्र आहे?" पत्र होतं. मोठ्या बाईंच्या टेबलावर. मुलांची यूडीआयडी कार्डं, म्हणजे दिव्यांगांची ओळखपत्रं, पालकांकडे. माझं स्वतःचं ओळखपत्र टॅक्सीतून गेलेल्या पिशवीत.

तेवढ्यात प्रशिक्षणार्थी मुलगी पांढरी पडून म्हणाली, "ताई, आठच आहेत."

डाऊन सिंड्रोम असलेली आमची एक मुलगी नव्हती. पाचेक मिनिटांत सापडली. भेळवाल्याच्या गाडीपाशी उभी राहून सुकी भेळ खात होती, अगदी व्यवस्थित, पैसे देऊन. वर्षभर व्यवहार शिकवलेला तिथे लागू झाला म्हणून मी हसावं की रडावं? ती पाच मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

इकडे बंडू. मी तोंड बंद केलं, कारण माझ्याकडे बोलायला काही उरलंच नव्हतं. मावशींनी गर्दीला "सरका, हवा येऊ द्या" म्हणत दहा पावलं मागे रेटलं. मग त्या बंडूच्या शेजारी फतकल मारून बसल्या. अंगाला हात लावला नाही, बोलल्या नाहीत. डोकं आपटत होता तिथे आपला पदर दुमडून सरकवला. बऱ्याच वेळाने किंचाळणं खाली आलं. मग त्यांनी बादली ओढली, उरलेलं पाणी खड्ड्यात ओतलं, बादली उपडी घातली आणि त्या बादलीवर मग उपडा ठेवला. टक असा आवाज झाला.

"झालं," मावशी म्हणाल्या.

बंडूने मगाकडे बघितलं. उठला. चपला शोधायला लागला.

मला वाटलं जादू झाली. संध्याकाळी त्याच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "अहो हो, आमच्याकडे पाणी सकाळी दोनच तास येतं. ह्याला आंघोळीला बसवला की पिंप रिकामं करील. म्हणून ह्याचे बाबा मग उपडा घालतात. तो उपडा झाला की संपली आंघोळ. लहानपणापासून तसंच आहे." मावशींना हे माहीत होतं, कारण शाळा सुटल्यावर गेटपाशी त्या आयांशी गप्पा मारत उभ्या राहतात. आणि मी? मी बंडूच्या एफएसीपीमध्ये आंघोळीच्या मुद्द्यापुढे 'शाब्दिक सूचनेने करतो' अशी नोंद केली होती. आंघोळ सुरू कशी होते हे विचारलं होतं. संपते कशी हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

आता इथे जरा थांबते, कारण नव्या लोकांना हेच पुन्हा पुन्हा सांगायचं असतं आणि ते पुन्हा पुन्हा 'हो हो' म्हणून पुढे जातात.

वर्गात आपण जे काम देतो त्याला शेवट असतो, आणि तो दिसतो. मणी ओवायला दिले की वाटी रिकामी होते. शेवटचा मणी गेला, दोरा भरला, माळ 'संपलं'च्या टोपलीत. पेगबोर्डची भोकं भरली की संपलं. कोड्याचा तुकडा बसला की संपलं. डावीकडून उजवीकडे काम सरकवायचं, उजवीकडची टोपली म्हणजे शेवट, हे आपण टीच (TEACCH) या स्वमग्न मुलांसाठीच्या पद्धतीत शिकतो आणि वर्गात ते इतकं बिनबोभाट चालतं की मुलाला 'झालं' हा शब्द कळतो असं आपल्याला वाटायला लागतं. शब्द कळत नसतो. रिकामी वाटी कळत असते. आपण फक्त त्या वेळी 'झालं' म्हणत असतो.

समुद्राला शेवटचा मणी नसतो. किती ओतलं तरी पाणी तेवढंच. वाळू तेवढीच. मग 'झालं' म्हणजे काय झालं? आणि 'पाच मिनिटं' म्हणजे तर काहीच नाही. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला पाच मिनिटं सांगणं हा आपल्या मनाच्या समाधानाचा भाग आहे. 'शेवटचं' म्हणून पुन्हा एकदा करू देणं त्याहून वाईट, कारण मग 'शेवटचं' या शब्दाचा अर्थ 'अजून एक' असा पक्का होतो. मी तो पाच मिनिटांत पक्का केला.

माझी चित्रपट्टी आठवा. शाळेपासून पाण्यापर्यंत बारीकसारीक सगळं होतं. डब्याचं चित्रही होतं. परतीचं एकही कार्ड नव्हतं. पूल, चर्नी रोड, ग्रँट रोड, उलट क्रमाने दादरपर्यंत, मग शाळेचं गेट, मग आई: यातलं काही नाही. म्हणजे बंडूच्या हिशोबाने मी त्याला अशा ठिकाणी आणलं होतं जिथून पुढे काही नाही, आणि मग तिथून ओढत होते. त्याने जे केलं त्याला शेरेबुकात कोणीतरी 'हट्ट' लिहिलं असतं. हट्टात मूल अधूनमधून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, आपण बघतोय का म्हणून. बंडू कोणाकडेच बघत नव्हता. एबीसी, म्हणजे आधी काय घडलं, मूल कसं वागलं, नंतर काय झालं ही नोंद, लिहायला बसाल तेव्हा 'ए'च्या, म्हणजे 'आधी काय घडलं'च्या रकान्यात 'काही कारण नसताना' असं लिहायचा मोह होईल, मलाही झाला होता. तिथे माझं नाव लिहायला हवं होतं.

यावर लोक शॉर्टकट सुचवतात. हातात मोबाइल द्या, उठेल. उठेलही. मग दर वेळी मोबाइल मिळावा म्हणून बसेल. बिस्किटाचंही तेच. आणि 'चार माणसांनी उचलून गाडीत घाला' असं मला एका अनुभवी म्हणवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं. आज तेरा वर्षांचा आहे, उचलाल. अठराचा झाल्यावर कोणाला बोलावणार?

दुसरा शॉर्टकट तुमच्या स्वतःच्या बाबतीतला. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, प्रमाणपत्र, आणि लगेच शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसणारी शिक्षिका, म्हणून पैसे. पालक अगतिक असतात, देतात. पण आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय, म्हणजे सीआरआर क्रमांक असल्याशिवाय, विशेष शिक्षक म्हणून काम करणं 1992 च्या कायद्याने गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांना कोणी भीत नाही हे मलाही कळतं. भीती चौपाटीवर वाटते, हवालदार समोर उभी असते आणि 'तुम्ही कोण?' याला उत्तर द्यायचं असतं. मग वांद्र्याची अली यावर जंग संस्था असो, एसएनडीटी असो की चेंबूरचं हशू अडवाणी कॉलेज, रीतसर शिका. दोन वर्षं जातात. जाऊ देत.

आणि मार्गदर्शक पदवी बघून निवडू नका. मला कॉलेजात उत्तम प्राध्यापक होते, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण बंडूच्या घरी मग उपडा घालतात हे फक्त मावशींना माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या सगळ्यात जुन्या मावशी कोण हे शोधा आणि त्यांच्यासोबत चहा प्या. स्टाफरूममधला चहा नंतर.

घाबरवतेय का मी? थोडं घाबरलेलं बरं. पण हेही सांगते: त्या दिवशी बाकी आठ मुलांची सहल अतिशय सुंदर झाली. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं वाळूत रुतली तेव्हा मावशींनी खुर्ची फिरवून उलटी ओढत नेली आणि ती मुलगी समुद्राकडे पाठ करून सगळ्यांना टाटा करत पाण्यापर्यंत पोचली. फिट्सवाल्या मुलाला परतीच्या वाटेवर फिट आली, दोनेक मिनिटांची. कुशीवर वळवलं, डोक्याखाली पिशवी, घड्याळ बघत राहिलो. एका काकांनी चप्पल हुंगायला पुढे केली, एकाने दातांत चमचा घालायला सांगितलं. दोन्हींना नम्रपणे नाही म्हटलं. पाच मिनिटं उलटली असती तर 108 लावणार होतो, वेळ आली नाही. बघा, जे शिकून गेले होते ते जमलं. ज्याचा विचारच केला नव्हता तिथे आपटले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला. बरोबरच होतं त्यांचं. मी चार पानं लिहिली, त्यांनी तीन फाडली आणि म्हणाल्या, "एवढंच लिहा, परतीची कार्डं नव्हती." नोकरी गेली नाही. नोकरी अशी जात नाही सहसा, हे रात्रभर जागणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बंडूच्या आईने तर फोटो पाहून मलाच धीर दिला. माझ्या हातावरचा चावा मात्र पंधरा दिवस राहिला, आणि टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं ते वेगळं.

तेव्हापासून माझ्या सहलीच्या पिशवीत हे असतंच: शाळेच्या शिक्क्याचं पत्र, माझं ओळखपत्र गळ्यात, प्रत्येकाच्या यूडीआयडीची झेरॉक्स, औषधांच्या वेळा पालकांच्या सहीने. निघायच्या आधी गेटवर प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाइलवर. मोजणी एकाच माणसाकडे, आणि कोणी किंचाळलं तरी त्या माणसाने तिकडे बघायचं नाही, मोजतच राहायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे. किंचाळण्याकडे सगळेच बघतात.

आणि प्रत्येक पालकाला एक प्रश्न: घरी आंघोळ, झोका, टीव्ही हे संपतं कसं? उत्तरं ऐकून थक्क व्हाल. एक आजी पंख्याचं बटण बंद करतात, की नातू झोक्यावरून उतरतो.

पुढच्या वर्षी, कोविडमुळे शाळा बंद व्हायच्या जरा आधी, आम्ही पुन्हा गेलो. अष्टमी बघून. या वेळी परतीची कार्डं होती आणि बंडूसाठी मी एक युक्ती नेली होती: अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, तीस खळगे. प्रत्येक खळग्यात एक शिंपला. ट्रे भरला की संपलं. त्याने मन लावून शिंपले गोळा केले, तिसावा ठेवला, ट्रेकडे बघितलं. मी श्वास रोखून 'झालं' म्हणणार, तेवढ्यात त्याने ट्रे उचलला, वाळूत उपडा केला आणि पहिल्या खळग्यापासून पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या फेरीत तिसावा शिंपला पडताक्षणी मावशींनी ट्रे उचलून पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढली.